आमची वाटचाल : एका लूज रील सीटपासून

वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते, सगळं आयुष्य लेथवर गेलं, त्यामुळं सूत, थाऊ, बुश, प्ले हे शब्द आमच्या घरात भाजी-भाकरीसारखे बोलले जायचे. आणि रविवारी सुट्टी असली की ते मला पंचगंगेवर गळ टाकायला घेऊन जायचे, बांबूची काठी, तंगूस, डब्यात गांडुळं, बस एवढंच सामान. पुढं मी मासे धरायचे रॉड बांधायला लागलो ते ह्या दोन्हीतूनच आलं असं मला वाटतं.

सुरुवात घरामागच्या खोलीत. बाहेरून कार्बनचा ब्लँक, म्हणजे रॉडची नुसती काठी मागवायची, गाईड, म्हणजे तंगूस ज्यातून जातो त्या कड्या दोऱ्यानं बांधायच्या, त्यावर इपॉक्सी हा दोन भाग मिसळून करायचा डिंक, खाली कॉर्कची ग्रिप आणि रील सीट, म्हणजे तंगूस गुंडाळायचं रील जिथं बसवतात ती नळी. पहिल्या वर्षी मित्रांचेच रॉड केले, मग कुणाकुणाला कळत गेलं, राधानगरीकडं जाणारे, कोकणात खडकावर उभं राहून मासे मारणारे असे लोक यायला लागले. गिऱ्हाईक वाढलं तसं मला वाटायला लागलं की आपल्याला काम जमलं.

मग रत्नागिरीच्या एका ग्राहकाचा फोन आला. आठ महिन्यांपूर्वी नेलेला रॉड, मासा लागला की रील बाजूला फिरतंय म्हणाले. मी म्हटलं नट टाईट करा, कारण बऱ्याच वेळा सीट पक्की असते आणि रीलचा पायच हूडमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या सीटच्या टोपीत, हलत असतो, तिथं सायकलच्या ट्यूबची पातळ पट्टी घातली तरी भागतं. पण त्यांनी नट टाईट करून बघितला होता. रीलचा पाय सीटमध्ये घट्ट, आणि सीटच ब्लँकवर फिरत होती. पार्सल आलं, मी सीट काढली, आणि आत काय होतं तर माझ्याच हातानं गुंडाळलेला मास्किंग टेप, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, भिजून लगदा झालेला.

वडील शेजारीच बसले होते. त्यांनी तो लगदा चिमटीत धरला आणि एवढंच म्हणाले, "बुश कागदाचा घातलास आणि पाण्यात पाठवलास?"

त्या दिवशी झोप लागली नाही मला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सीटचं भोक ब्लँकपेक्षा मोठं असतं, मधली फट भरायला जे घालतात त्याला आर्बर म्हणतात, आम्ही सरळ बुश म्हणतो. मास्किंग टेपचा बुश चालतो, जगभर वापरतात, पण तो सलग गुंडाळायचा नसतो. अर्ध्या बोटाची एक रिंग, मग तेवढीच मोकळी जागा, मग परत रिंग, आणि त्या मोकळ्या जागा इपॉक्सीनं गच्च भरायच्या. म्हणजे टेप फक्त सीट मध्यावर धरतो, पकड ब्लँक आणि सीटमधल्या इपॉक्सीची असते. मी सलग टेप लावला होता, इपॉक्सी फक्त दोन टोकांना लागलेलं, तिथं एक केसाएवढी फट पडली की पाणी आत गेलंच. शिवाय ब्लँकची चमक पॉलिश पेपरनं घालवली नव्हती, गुळगुळीत पृष्ठभागावर काहीच धरत नाही.

तो रॉड पूर्ण नव्यानं करून दिला, पैसे घेतले नाहीत. मग वहीत बघून त्याआधी दिलेल्या प्रत्येक रॉडवाल्याला फोन केला की आणून द्या, बघून देतो. काही आले, काही नाही आले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये जे झालं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. धोक्याची पातळी ४३ फूट आणि पंचगंगा ५५ च्या वर. आमचं दुकान तेव्हा शाहूपुरीत भाड्यानं होतं, स्टँडला उभे केलेले रॉड दस्त्यापर्यंत कितीतरी दिवस पाण्यात राहिले, ग्राहकांचे आणि आमचे पण. पाणी उतरल्यावर चिखल धुवून एकेक सीट हातानं पिळून बघितली. आमच्या नव्या पद्धतीच्या सीट जागच्या हलल्या नाहीत, आणि जे जुने राहिले होते त्यातले बरेच पुढच्या दोन-तीन आठवड्यांत सुटले. त्यानंतर पेठांमधून, गावांतून लोक पुरात भिजलेले रॉड घेऊन यायला लागले, कुणाचेही, कुठूनही घेतलेले. "अण्णा, रील नुसतं गरागरा फिरालंय बघा." तिथून आमचं रिपेअरचं काम खरं सुरू झालं, आज निम्मं काम तेच आहे.

सीट न काढता दुरुस्त करता येते, पण त्यात घाई चालत नाही. आधी नाण्यानं हलकं ठोकून बघतो, पोकळ कुठं वाजतंय. मग रीलचा पाय जिथं बसतो त्याच्याखाली, म्हणजे भोक झाकलं जाईल अशा जागी, दोन किंवा तीन बारीक भोकं, दोन एमएमची. मशीन अजिबात नाही, पिन चकमध्ये, म्हणजे बोटांनी फिरवायच्या छोट्या चकमध्ये, ड्रिल धरून हातानं. सीटचा बुरा काळा निघतो, तो संपून टेपचा किंवा फोमचा भुसा दिसला की थांबायचं, परत काळा दिसला म्हणजे तुम्ही ब्लँकला लागलात, आणि कार्बनला ओरखडा पडला की रॉड तिथूनच मोडणार. मग रॉड दोन दिवस कोरडा होऊ देतो, कारण आत पाणी असताना इपॉक्सी भरणं म्हणजे नुसती वाया घालवणं. टोकं टेपनं बंद, सावकाश सेट होणारं इपॉक्सी ड्रायरनं किंचित कोमट करून सिरिंजनं एका भोकातून सोडायचं, दुसऱ्यातून हवा आणि मग इपॉक्सी बाहेर आलं की समजायचं भरलं. पाच मिनिटांत सेट होणारं आम्ही ह्या कामाला वापरत नाही, ते आत पसरायच्या आधीच गोठतं. सगळ्यात शेवटी सीट गाईडच्या रेषेत आणायची, एक डोळा बंद करून टोकापासून बघत, आणि रॉड आडवा ठेवून फिरवत राहायचा. पावसाळ्यात आम्ही अठ्ठेचाळीस तास हात लावू देत नाही.

आतला टेप पार कुजला असेल तर मात्र हे करत नाही, सांगून टाकतो की सीट कापून नवीन बसवावी लागेल, खर्च जास्त. काहीजण नाराज होऊन जातात.

जून-जुलैत कोकणातले लोक रॉड पाठवतात, तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते. २०२१ च्या पुरात सगळं वरच्या मजल्यावर नेलं होतं म्हणून वाचलं. आता वडिलांना लेथ झेपत नाही, पण तयार झालेला रॉड बांधून द्यायच्या आधी त्यांच्या हातात जातो, ते सीट पिळून बघतात आणि मान हलवली तरच बॉक्समध्ये भरतो. परवा एक परत दिला त्यांनी, मला तर काहीच हलल्यासारखं वाटलं नव्हतं, तो आज परत उघडलाय.