दाढेची टोपी

चिवडा खाताना मागची दाढ कडकन वाजली. दोष चिवड्याचा नाही, दाढ आधीच पोखरलेली. कॉलेज रोडवरच्या दवाखान्यात तीन खेपांत रूट कॅनाल उरकलं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आता क्राउन बसवू." मी नुसता बघत राहिलो, तेव्हा म्हणाल्या, "कॅप हो." कवळीच्या मापाला आलेल्या आजी बाकावरूनच बोलल्या, "म्हंजे टोपी घालणार!" झिर्कोनियाच्या, म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकच्या कॅपचा भाव ऐकला आणि मला आजींचाच शब्द पटला.

घरी लेक बीएस्सीच्या रसायनशास्त्राची वही उघडून बसली होती. "आमच्यातही क्राउन असतो, बाबा. क्राउन इथर." तिने हातातली बांगडी काढून टेबलावर ठेवली आणि मधोमध एक शेंगदाणा. बांगडी म्हणजे बारा कार्बन आणि सहा ऑक्सिजन यांचं कडं, शेंगदाणा म्हणजे पोटॅशियमचा आयन, विद्युतभार असलेला अणू. कडं त्याला असं धरून ठेवतं की पोटॅशियम परमँगनेट हा जांभळा क्षार चक्क बेंझीन नावाच्या रंगहीन द्रवात विरघळतो, बेंझीन जांभळं होतं. एरवी तो त्यात विरघळायचं नावच घेत नाही. चार्ल्स पेडरसन या रसायनशास्त्रज्ञाला हा पदार्थ सापडला तो दुसरंच काही करताना, तळाशी उरलेल्या चिमूटभर पांढऱ्या स्फटिकांत. 1967 साली त्याने तो जगापुढे मांडला, 1987 साली नोबेल. गड्याने पीएच.डी. केलीच नव्हती. (हे लेकीने जरा जास्तच आवडीने सांगितलं.) रेणूचा आकार मुकुटासारखा, आयनाच्या डोक्यावर चढतो नि उतरतो, म्हणून हे नाव.

शब्दाचं मूळ लॅटिन 'कोरोना'. होय, तोच. त्याचा अर्थ डोक्यावर घालायची फुलापानांची माळ. सोनं नंतर आलं. त्याच्याही मागे ग्रीकमध्ये नुसतं 'वाकवलेलं काहीतरी'. म्हणजे मधे पोकळ असलेलं रसायनवाल्यांचं कडंच मुळाला धरून आहे. दाताचं ते झाकण. तसा हिरडीबाहेर दिसणारा अख्खा दात म्हणजेच क्राउन, तो जन्मतः फुकट मिळालेला. आम्ही तो शेव-फरसाणावर उधळला.

गुरुवारी टोपी बसली. आरशात बघायला गेलो तर जबडा कितीही फाकवला तरी दिसेना. बाहेर आलो, तर बाकावर त्याच आजी.

"घातली का टोपी?"

मी पावती घडी करून खिशात टाकली आणि मान हलवली.