फोकर डी-७, १/४८: लॉझेंज चढलं, आता उडेटचे पट्टे

मंडळी, पहिल्या महायुद्धातल्या या जर्मन लढाऊ विमानाचं १/४८ मापाचं मॉडेल करतोय. खालच्या पंखावर लॉझेंजची, म्हणजे बहुकोनी नक्षीची, डिकल्स (पाण्याने चिकटणारी छापील चित्रं) बसली. १९१८ मध्ये जर्मन कारखाने विमानाचं कापडच बहुकोनी रंगीत नक्षीचं छापून घेत. रंगाचं वजन वाचे, वेळही. म्हणून मॉडेलवरही कापडाच्या पट्ट्यांचे जोड दिसायलाच हवेत, एकसंध नक्षी खोटी वाटते. आधी ग्लॉसचा पातळ हात, मग सेटिंग सोल्यूशन, आणि डिकल मऊ पडल्यावर ओल्या इअरबडने मधून कडेकडे दाबत जायचं. पंखाच्या बरगड्या एकेक करून वर उमटतात तेव्हा जीव सुखावतो.

इंजिनावर मात्र मी मुद्दाम रेंगाळलो. सहा सिलिंडर एका ओळीत, त्यांना काळपट पोलादी रंग आणि वर तेलाचा वॉश. वरची झाकणं मी लावणार नाही. त्या उन्हाळ्यात इंजिनाच्या उष्णतेने बंदुकांच्या फॉस्फरस गोळ्या आपोआप पेटत. १५ जुलैला जर्मन वैमानिक फ्रिट्झ फ्रीडरिख्सचं विमान असंच पेटलं. त्याने उडी मारली, पण पॅराशूट शेपटीत अडकलं. मग पत्र्याला जास्तीच्या झडपा कापल्या गेल्या, कुठे झाकणंच काढून टाकली. उघडं इंजिन दिसायला देखणं आहेच, पण त्यामागे ही भीती आहे.

तरीही वैमानिकांना हवं होतं हेच विमान. १९१८ च्या वसंतात आधीच्या अल्बाट्रॉस विमानांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. जानेवारीत बर्लिनजवळच्या आडलर्सहोफच्या चाचण्यांत ‘रेड बॅरन’ रिश्टहोफेनने डी-७ स्वतः उडवून पाहिलं आणि उचलून धरलं; ते त्याच्या तुकडीला मिळायच्या आत, २१ एप्रिलला, तो जुन्या तीन पंखी ट्रायप्लेनमध्येच मारला गेला. डी-७ उंचावर दम सोडत नसे, नाक वर करून जणू प्रॉपेलरवर लटकत खालून मारा करता येई, आणि नवख्यालाही सांभाळून घेई. १८५ अश्वशक्तीचं बीएमडब्ल्यू इंजिन ज्याला मिळालं तो नशीबवान.

म्हणून डी-७ उडवणाऱ्या एर्न्स्ट उडेट या जर्मन वैमानिकाची रंगसंगती घेतली. वरच्या पंखावर लाल-पांढरे पट्टे, अंगावर प्रेयसीच्या नावाचं ‘लो!’, आणि शेपटीवर पाठलाग करणाऱ्यासाठी ‘डू डोख निख्ट!!’, म्हणजे ‘तुला नाही जमायचं!’ हा नुसता मिजासखोरपणा होता असं मला वाटत नाही. २९ जूनला हा माणूस जेमतेम पॅराशूटने वाचला होता. १० ऑगस्टला ५४ विजयांचा (शत्रूची ५४ विमानं पाडलेला) जर्मन वैमानिक लोव्हेनहार्ट आपल्याच सोबत्याच्या विमानाला धडकून गेला. पेट्रोल मोजून मिळत होतं, समोर शत्रूची विमानं कितीतरी जास्त. अशा वेळी माणूस लपायचा रंग सोडून लाल-पांढरे पट्टे ओढतो, तेव्हा त्याला यंत्राचाच आधार असतो. शस्त्रसंधीच्या कलमातही डी-७ नाव घेऊन मागितलं गेलं, यातच सगळं आलं.

आपल्या लोकांसाठी एक नोंद: ब्रिटिशांकडून लढणारा कोलकात्याचा इंद्रलाल रॉय, वय १९, दहा विजय, २२ जुलैला फ्रान्समधल्या कार्व्हँजवळ पडला तो डी-७ वाल्यांशीच लढताना. त्याचं एस.ई.५ए हे ब्रिटिश लढाऊ विमान याच स्केलमध्ये पुढे घेणार आहे.

सध्याचा पेच पट्ट्यांचा. आधी पूर्ण पांढरा, मग टेप लावून लाल, असा विचार आहे. उलट केलं तर लाल खालून गुलाबी झिरपतो. पंखाच्या गोलाईवर टेपची कड उचलू नये म्हणून बारीक चिरलेली टेप वापरून पाहिलेल्यांनी जरूर लिहा.