दुखायचं थांबलं, पण स्नायू भरला नव्हता

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे ३० किलोचे रवे (ढेपा) उचलणारे एक मामा कंबरदुखीसाठी आमच्या फिजिओथेरपी विभागात आले. गेल्या हंगामात लचक भरली होती, गोळ्यांनी बरी झाली. यंदा पुन्हा तीच जागा, उजवीकडे. एमआरआयमध्ये वयाप्रमाणे थोडी झीज, नस कुठे दबलेली नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल’ एवढंच यार्डात पोचलं आणि मुकादम त्यांना कामचुकार म्हणायला लागला. ते सांगताना मामांचा आवाज फुटला.

मी सोनोग्राफी सुचवली. “आवो मॅडम, ती गरवार बायकांची करत्यात न्हवं?”

परदेशात काही ठिकाणी फिजिओथेरपिस्ट स्वतः प्रोब, म्हणजे सोनोग्राफी यंत्राचं अंगावर टेकवायचं टोक, धरतात. आपल्याकडे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे ते शक्य नाही, रेडिओलॉजिस्ट किंवा कायद्याने पात्र असा दुसरा डॉक्टरच लागतो. माझी त्यावर तक्रार नाही. २००१ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या; तो कायदा हवाच.

मामांना पालथं झोपवलं, पोटाखाली उशी दिली. आमच्या रेडिओलॉजिस्ट सरांनी कमरेच्या शेवटच्या मणक्यावर प्रोब आडवा धरला. मधे मणक्याचं पांढरं टोक, दोन्ही बाजूंना मल्टिफिडसचे काळपट गोळे. मणक्याला अगदी चिकटून असलेला, त्याला सावरून धरणारा हा खोलातला स्नायू. डावा गोळा भरदार. उजवा जवळजवळ पाव हिश्श्याने लहान आणि आत पांढुरक्या रेषा, म्हणजे स्नायूच्या जागी चरबी. वरून पाहिलं तर पाठ पहिलवानासारखी!

मग प्रोब उभा धरून हात किंचित उचलायला सांगितला. उजवा हात उचलला की डावा स्नायू टच्च फुगायचा. डावा उचलला की उजवा जेमतेम हलायचा.

सरांनी पडदा मामांकडे वळवला. “श्वास रोखू नका, प्रोबखालचा भाग हळूच फुगवा,” मी म्हणाले. आधी त्यांनी कुल्लेच आवळले. बऱ्याच वेळाने पडद्यावर उजवीकडची कड वर सरकली. “हाललं की!” मग गप्प राहून त्यांनी विचारलं, “म्हंजे दुखत नव्हतं तवाबी ह्ये असंच व्हतं?”

बहुधा होय. ऑस्ट्रेलियातल्या ज्युली हाइड्स यांनी १९९६ मध्ये नेमकं हेच दाखवलं: पहिल्या कंबरदुखीनंतर दुखणं थांबतं, पण मल्टिफिडस आपोआप भरून येत नाही, त्यासाठी नेमका व्यायाम लागतो. मात्र सोनोग्राफीत वेदना दिसत नाही. बारीक स्नायू असूनही न दुखणारी माणसं असतात, म्हणून प्रत्येक कंबरेची सोनोग्राफी मी सांगत नाही. मुकादमालाही मी फोटो पाठवला नाही. वजन उचलणं काही दिवस बंद ठेवावं, एवढी चिठ्ठी दिली.

महिन्याभरात दुखणं थांबलं. मामा हंगाम चुकतोय म्हणून घाई करत होते, पण मी व्यायाम सोडू दिला नाही; आधी हलकी वजनं, मग रवे. दुसऱ्या सोनोग्राफीत उजवी बाजू भरत आलेली दिसली, डावीच्या बरोबरीला अजून आलेली नाही. व्यायाम चालू आहे.