केरेनचे इटालियन, भाग ३: खाकीत खाकी

टेबलावरच्या युद्धखेळासाठी मी छोटे सैनिक-पुतळे रंगवतोय. मागच्या वेळी बेचाळीसच्या बेचाळीस जण राखाडी प्रायमरमध्ये (रंगाआधीच्या अस्तरात) उभे होते. आजचा हिशेब असा: एरिट्रियन अस्करी (इटालियन सैन्यातले स्थानिक शिपाई) १६, पूर्ण. ब्रेडा मशिनगन आणि तिच्यावरचे तिघे, पूर्ण. अल्पिनी, म्हणजे इटलीचे डोंगरी सैनिक, सहापैकी चार. साव्होया ग्रेनेडियर (इटालियन पायदळ) चौदा, त्यांच्या अजून नुसत्या पँटी झाल्यात. ब्रिक्सिया मॉर्टरवाले (छोट्या उखळी तोफेचे) दोघे आणि अधिकारी साहेब डब्यातून बाहेरच आलेले नाहीत.

ज्यांनी आधीचे भाग वाचले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. केरेन, एरिट्रिया, १९४१. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून २७ मार्चपर्यंत इटालियन सैन्याने ब्रिटिश-भारतीय फौजेसमोर दोंगोलासची खिंड अडवून धरली होती. कोणी कोणती बाजू रंगवायची यासाठी आमच्या गटात चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा मित्राला मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन निघाली आणि मला इटालियन. तोंड वाकडं झालं, खोटं कशाला बोलू. १५ मार्चच्या रात्री डोलोगोरोडॉक किल्ल्याच्या वाटेवरचं पिनॅकल नावाचं शिखर ज्या पलटणीने चढून घेतलं, ती मला रंगवायची होती. पण वाचत गेलो तसं मत बदललं. १६ तारखेला पहाटे किल्ला गेला, तरी इटालियन तो परत घ्यायला पुन्हा पुन्हा वर चढत राहिले. १७ तारखेला त्यांचा जनरल लोरेन्झिनी पडला. इटालियन सैन्यावरचे ते नेहमीचे विनोद ज्यांना पाठ आहेत, त्यांनी एकदा केरेन वाचावं.

आता मुख्य डोकेदुखी. दोन्ही बाजूंना खाकी! टेबलावर डोंगर मांडला, दोघांच्या तुकड्या एकमेकींना भिडल्या की तीन फुटांवरून कोण कोणाचा हे कळत नाही. मित्राने व्हॅलेहो कंपनीच्या रंगांतला ९२१, म्हणजे इंग्लिश युनिफॉर्म घेतलाय, तो तपकिरीकडे झुकतो. म्हणून मी उलट दिशेला गेलो. ९८८ खाकी, त्यात ८८६ ग्रीन ग्रेचा एक थेंब, आणि हायलाइटला (उठावाच्या कडांना) बफ, म्हणजे फिका पिवळसर. वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पाणीदार रंग, मात्र पातळ. सगळ्या अंगावर दाट तपकिरी वॉश फासला की दोन्ही खाकी परत एकच होतात, हे मी तीन पुतळे बिघडवून शिकलोय. शिवाय प्रत्येक पाच-सहा जणांमागे एकाचा सदरा जास्त फिका ठेवलाय. उन्हात धुऊन धुऊन विटलेल्या सुती कापडाचे सगळे सदरे एका छटेचे कसे असतील?

सुटका खरी झाली ती पायांवर. अंगात खाकी असली तरी पायाच्या पट्ट्या बऱ्याचदा राखाडी-हिरव्या लोकरीच्या असायच्या. नुसता ८८६ तिथे लावला आणि पुतळा एकदम इटालियन दिसायला लागला. इथेच माझी घोडचूकही सांगतो. अल्पिनींच्या काडतुसांच्या पाकिटांना आणि पट्ट्यांना मी सवयीने छान तपकिरी चामड्याचा रंग दिला होता, कडांना हायलाइटसुद्धा. मग एका जुन्या पाकिटाचा रंगीत फोटो बघितला: इटालियन सैनिकांचं चामडंसुद्धा राखाडी-हिरव्या रंगाचं असायचं. चारही जणांवर परत हात फिरवावा लागला. काळ्या-पांढऱ्या फोटोंवर विसंबलं की असंच होतं.

अस्करींनी मात्र मजा आणली. उंच लाल तरबूश टोपी, तिचा गोंडा, आणि गोंड्याच्याच रंगाचा कमरपट्टा. हा रंग बटालियनप्रमाणे बदलतो. मी टोसेल्ली बटालियनचा काळा घेतला. १८९५ मध्ये अंबा अलागीला मेजर टोसेल्ली मारला गेला, त्याच्या आठवणीचा तो काळा. रंगवायला काळा अवघड, पण लाल, काळा आणि खाकी एकत्र आले की नजर तिथेच जाते. काळ्याला निळसर राखाडीची एकच बारीक रेघ दिली, बस. तरबूशला आधी गडद तांबूस तपकिरी, वर शेंदरीकडे जाणारा लाल, आणि कडेला नारिंगी. लालात पांढरा मिसळू नका, टोपी गुलाबी होते आणि अस्करी लग्नातल्या बँडवाल्यासारखा दिसतो.

त्वचेसाठी बाजारातल्या 'फ्लेश' बाटल्यांचा इथे काही उपयोग नाही. मी दिव्याखाली स्वतःचा हात धरला आणि त्याच्याहून दोन छटा गडद असा तांबूस तपकिरी मिसळला. गालाचं हाड, नाकाचा शेंडा, बोटांची पेरं, एवढ्याच जागी फिकट ठिपका. त्यात थोडा नारिंगी टाकला की चेहरा जिवंत राहतो. पांढरा टाकला की राख फासल्यासारखा होतो.

आणि आता माझा लाडका कोपरा. ब्रेडा ३७ ही विचित्र मशिनगन: गोळ्या वीस-वीसच्या पत्र्याच्या ताटलीतून जातात, आणि गोळी सुटली की रिकामी पुंगळी बंदूक परत त्याच ताटलीत ठेवते. पुन्हा भरायची तर आधी त्या सगळ्या उपसून काढा! माझ्या पुतळ्यात ताटली अर्धी आत, अर्धी बाहेर आहे. बाहेर आलेल्या बाजूला मी नुसतं पितळ दाखवलं, टोकाला काळा ठिपका. आत जायच्या बाजूला पितळ आणि पुढे गोळीचं टोक. सगळं मिळून तांदळाच्या दाण्याएवढं. खेळताना कोणाला दिसणार नाही. दीड तास गेला, घरच्यांनी दोनदा जेवायला हाक मारली.

बारीकसारीक: कॉलरवरचे तारे टूथपिकने. तारा वगैरे काही नाही, चांदीचा ठिपका. कमरेचे हातबॉम्ब लाल रंगवलेत. ते खरंच लाल असायचे, इंग्रज त्यांना 'रेड डेव्हिल' म्हणत. एका अल्पिनीचं डाव्या बाजूचं काळं पीस मोल्ड लाइन (साच्याच्या जोडाची रेघ) खरवडताना तुटलं. कागदाची चिंचोळी कातरण सुपरग्लूने लावली, ती मूळ पिसापेक्षा बरी दिसते.

प्रायमरचा किस्सा मागच्या वेळी लपवला होता. भर पावसात बाल्कनीत स्प्रे मारला आणि सहा पुतळ्यांवर रव्यासारखी खरखर आली. आयसोप्रोपाइलमध्ये रात्रभर बुडवून, जुन्या टूथब्रशने घासून परत सुरुवात केली. जुलै-ऑगस्टमध्ये बाटलीतला प्रायमर ब्रशनेच लावा, मंडळी. रंग ओले ठेवणारी वेट पॅलेटही तीन दिवसांत वास मारायला लागते.

बेसवर बुचाचे तुकडे उभे चिकटवून कडे केलेत, खाली टेकडीवरचा चाळलेला मुरूम. नुसता मुरूम फार पुण्याचा दिसत होता, म्हणून वरून राखाडी आणि मग बफचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात). वाळलेल्या गवतासाठी फुलझाडूचे तुरे बारीक कापले. विकतच्या हिरव्या गवतापेक्षा तेच शोभतात.

काल मित्र त्याचे पाच मराठे घेऊन आला. माझे पाच अस्करी आणि चार अल्पिनी त्यांच्यात मिसळले आणि दोघंही दारापर्यंत मागे गेलो. अस्करी लगेच ओळखू आले, त्या टोप्यांमुळे येणारच. अल्पिनींपैकी तीन कळले. चौथा गुडघ्यावर बसलाय, त्याच्या पायाच्या पट्ट्या झाकल्या जातात. तो मित्राने आपलाच म्हणून उचलला. त्याच्या पाठीवरच्या सामानाला अजून थोडा हिरवा द्यावा लागेल.

या रविवारी ग्रेनेडियरांचे सदरे. पावसाने उघडीप दिली तर अस्करींना मॅट वॉर्निश, नाहीतर ते दिवाळीपर्यंत असेच चमकत बसतील.