कंसातला चार

फौजेतून बाहेर पडणाऱ्या जवानाच्या हातात एक डिस्चार्ज बुक देतात. नाव, नंबर, भरतीची तारीख, सोडल्याची तारीख, चालचलन, वैद्यकीय श्रेणी, आणि नोकरीतून का सोडलं त्याचं कारण. कारणाची ओळ बहुतेक जवान कधी वाचतच नाहीत. ती इंग्रजीत असते आणि तिच्यात शब्दांपेक्षा नियमांचे आकडे जास्त. जवान पुस्तक ट्रंकेत ठेवतो, ट्रंक माळ्यावर जाते, आणि त्या एका ओळीवर त्याचं पुढचं सगळं आयुष्य ठरून गेलेलं असतं.

मी हवालदार क्लर्क म्हणून निवृत्त झालो. नोकरीत अशी पुष्कळ पुस्तकं माझ्या हाताखालून गेली. आता आर्वीत सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचे दाखले अशी कामं असतातच. पण फौजेची पेन्शन 'स्पर्श' पोर्टलवर गेल्यापासून तालुक्यातले माजी सैनिक आणि त्यांच्या बायका माझ्याकडे येऊ लागल्या. नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्याचा महिना, आणि आमच्याकडे कापसाच्या वेचणीचाही. वेचणीला जाणाऱ्या म्हाताऱ्या बायांच्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही, मग मोबाइलसमोर चेहरा धरून दाखला काढावा लागतो. त्या गर्दीत कोण कोणासोबत आलंय याकडे लक्ष द्यायला फुरसत नसते.

त्या दिवशी मात्र लक्ष गेलं. कारंज्याकडच्या एका गावचे पेन्शनर नाईक दाखल्यासाठी आले होते. त्यांच्यासोबत आलेला माणूस बाहेरच्या बाकावर बसून होता. बाकीचे पुढे सरकत होते, हा आपली जागा दुसऱ्याला देत होता. मी विचारलं, "काकाजी, तुमचं काय काम आहे?"

"माह्यं काई नाही जी. याच्या संगं आलो."

नाईक म्हणाले, "हाही फौजेतलाच हाय साहेब. पन अर्जी देऊन घरी आला, म्हनून याले पेन्शन नाही."

फौजेत 'अर्जी देऊन घरी आला' याचा अर्थ नोकरी अर्ध्यावर सोडून आला. गावात त्याचा अर्थ याहून वाईट होतो. काकाजी काही बोलले नाहीत. त्यांनी पाय बाकाखाली ओढून घेतले, आणि तेव्हा मला त्यांचे पाय दिसले. दोन्ही पायांची बोटं नव्हती. चपलेचा पुढचा भाग रिकामा होता आणि मागे पट्टा शिवून घेतला होता, पाय बाहेर सरकू नये म्हणून.

"बोटं कशानं गेली?"

"बरफानं."

"कुठे होते?"

"सियाचीन."

सियाचीनवर आपली फौज १९८४ च्या एप्रिलमध्ये चढली. सुरुवातीच्या त्या वर्षांत शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीनं जास्त माणसं नेली, हे फौजेतल्या प्रत्येकाला माहीत आहे. मी म्हटलं, "काकाजी, बर्फात दोन्ही पायांची बोटं गेलेला माणूस अर्जी कशाला देईल?"

"म्या कोनतीच अर्जी देली नाही जी. दवाखान्यात होतो. तिथं तीन डाक्टर बसले, पाय पाहले. मंग सांगतलं का, आता तुमाले घरी जा लागते. मी आलो. पुलगाववरून छोट्या गाडीनं आर्वीले उतरलो, बायको बंडी घेऊन आलती. हे मी सबन लोकायले सांगतलं. कोनी आयकत नाही."

तीन डॉक्टर. ते ऐकल्यावर मी हातातलं काम थांबवलं आणि त्यांना म्हटलं, उद्या डिस्चार्ज बुक घेऊन या. दुसरं काहीच आणू नका, फक्त ते पुस्तक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्र उघडायच्या आधीच ते दारात होते. सोबत सून. पुस्तक औषधाच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर लावलेलं.

आता थोडं नियमाचं सांगायला हवं, कारण सगळा प्रश्न त्यातच आहे. जवानाला नोकरीतून सोडण्याची कारणं १९५४ च्या आर्मी रूल्समधल्या नियम १३ च्या तक्त्यात दिलेली आहेत. शपथ झालेल्या जवानांसाठी त्यात रोमन तीन हा भाग आहे आणि त्याखाली कंसात लहान रोमन आकडे. कंसातला एक म्हणजे भरतीच्या अटी पूर्ण करून सुटला. कंसातला तीन म्हणजे पुढच्या नोकरीला वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरला. कंसातला चार म्हणजे अटी पूर्ण होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून गेला. टाइपरायटरवर तीन म्हणजे 'आय' तीनदा. चार म्हणजे 'आय' एकदा आणि 'व्ही' एकदा. कागदावर दोघांची जागा जवळपास सारखीच.

काकाजींच्या पुस्तकात कंसातला चार होता. भरती १९८०, सुटका १९८८. पेन्शनीला जवानाची पंधरा वर्षं लागतात. आठ वर्षांत स्वतःच्या विनंतीनं निघालेल्या माणसाला पेन्शन नाही, आणि सरकारी व्याख्येत तो माजी सैनिकही ठरत नाही. म्हणून ओळखपत्र नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या दारातून हे दोनदा परत आले होते, आणि तिथल्या माणसाचीही चूक म्हणता येत नाही, त्याच्यासमोर कागद होता आणि कागदावर चार होता. मुलाला कुठली सवलत मिळाली नाही. पासष्ट वर्षांवरच्या पेन्शन नसलेल्या गरीब माजी सैनिकांना केंद्रीय सैनिक बोर्ड मदत देतं, तिथंही हा माणूस बसत नव्हता.

मी पान उलटलं. वैद्यकीय श्रेणीच्या रकान्यात एकच अक्षर तीनदा टाइप केलेलं होतं: ईईई.

त्या काळी जवानांच्या प्रकृतीच्या श्रेण्या ए, बी, सी, ई अशा असत. ए म्हणजे ठणठणीत. ई म्हणजे सैनिकी नोकरीला कायमचा अपात्र. आणि ही शेवटची श्रेणी कोणी एक डॉक्टर आपल्या मनानं देत नाही. त्यासाठी मेडिकल बोर्ड बसतं, त्याची कार्यवाही ठरलेल्या फॉर्मवर लिहिली जाते, वरचा अधिकारी ती मंजूर करतो, आणि मग जवान बोर्ड आऊट होतो. बोर्ड आऊट झालेला जवान कंसातल्या तीनखालीच जातो. स्वतःच्या विनंतीनं जाणाऱ्याला ईईई मिळायचं काही कारणच नाही. एका पानावर हा माणूस अर्ज करून गेला होता आणि दुसऱ्या पानावर डॉक्टरांनी काढला होता. दोन्ही खरं असू शकत नव्हतं.

मी दोन्ही पानं त्यांच्या सुनेला दाखवली. बारावी झालेली पोरगी, तिला लगेच कळलं. ती सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, यायनं चुकीचं लिवलं आहे. तुमी अर्जी देली असं लिवलं, पन इथं लिवलं का तुमचा पाय खराब झाला म्हनून काढलं." काकाजी बराच वेळ त्या ईईईवर बोट ठेवून बसले होते. मला विचारलं, "हे पहिलंपासून इथंच होतं का जी?"

होतं. चौतीस-पस्तीस वर्षं त्यांच्याच घरात होतं.

आम्ही अर्ज केला. त्यांच्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत, दोन्ही पानांच्या साक्षांकित प्रती लावून. तिथल्या कल्याण संघटकांनी आपल्या शेऱ्यासह तो पुढे पाठवला, आणि वेळोवेळी स्वतः फोन करून पाठपुरावा केला. हे मुद्दाम लिहितो, कारण या माणसाचं ऐकून घेणारे लोक थोडेच होते.

उत्तर आलं. सदर जवान पेन्शनर नसल्यानं त्याची सेवा कागदपत्रं आर्मी रेग्युलेशन्सच्या परिच्छेद ५९५ प्रमाणे पंचवीस वर्षांनंतर नष्ट करण्यात आली आहेत.

हे उत्तर वाचून मला जो राग आला, तो अजून पूर्ण गेलेला नाही. नियम खरा आहे. पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं पंचवीस वर्षं ठेवतात, पेन्शनरांची त्याहून पुष्कळ जास्त. पण हा माणूस पेन्शनर का नव्हता? कारण कंसात चार पडला होता. चार पडला म्हणून फाइल पंचवीस वर्षांची झाली. पंचवीस वर्षं झाली म्हणून ती जाळली. आणि तो चार चुकीचा आहे हे सिद्ध करणारा बोर्डाचा कागद त्याच फाइलीत होता. चुकीच्या नोंदीनं स्वतःविरुद्धचा पुरावा खाऊन टाकला होता. यात कोणाचा दुष्टपणा असेल असं मला वाटत नाही. कोणा एका क्लर्कनं घाईत एक अक्षर वेगळं दाबलं आणि पुढच्या प्रत्येकानं ते खरं मानलं. मी क्लर्क होतो, आणि म्हणूनच मला हे सहन होत नाही. आमच्या हातातलं एक अक्षर म्हणजे कोणाची तरी भाकर असते, हे पहिल्या दिवसापासून शिकवायला हवं.

पण एक गोष्ट नष्ट होत नाही. लाँग रोल. प्रत्येक रेकॉर्ड ऑफिसात जवानांची ही मोठी नोंदवही कायम जतन केलेली असते. एका जवानाला एक ओळ. फाइल गेली तरी ओळ राहते. पत्रात लाँग रोलचा उल्लेख नव्हता. मी काकाजींच्या नावानं माहिती अधिकारात अर्ज लिहिला, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावली, आणि फक्त एवढंच मागितलं: लाँग रोलमधील माझ्या नोंदीची सर्व रकान्यांसह प्रमाणित प्रत. 'सर्व रकान्यांसह' या शब्दांखाली रेघ ओढली.

प्रत आली तेव्हा काकाजी शेतात होते, तूर सोंगायला. मी सुनेला फोन केला आणि तिनं त्यांना गाडीवर बसवून आणलं. ओळ हातानं लिहिलेली होती, निळी शाई, झेरॉक्सवर अर्धवट उमटलेली. कारणाच्या रकान्यात चारच होता. पण शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: इन्व्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड, पुढे लष्करी रुग्णालयाचं नाव, तारीख, आणि ईईई. ती तारीख सुटकेच्या थोडीच आधीची होती. तीन डॉक्टर कागदावर सापडले होते.

दुसरा अर्ज लिहिताना मी विनंती केली नाही, प्रश्न विचारला. स्वतःच्या विनंतीनं सुटणाऱ्या जवानाचा लेखी अर्ज असतो आणि त्यावर मंजुरीचा आदेश असतो. त्या आदेशाचा नंबर आणि तारीख लाँग रोलमध्ये कुठे आहे? नसेल, तर ज्या बोर्डाचं ठिकाण आणि तारीख तुमच्याच वहीत आहे, त्यावरून कारण दुरुस्त करा. सोबत त्यांच्याच तुकडीतल्या, आता अमरावती जिल्ह्यात राहणाऱ्या एका पेन्शनरचं शपथपत्र लावलं. काकाजींना चौकीवरून खाली आणताना तो सोबत होता. नकार आला असता तर सहा महिन्यांच्या आत सशस्त्र दल न्यायाधिकरणात जायचं ठरवून मी कागद वेगळे काढून ठेवले होते.

त्याची गरज पडली नाही. शुद्धिपत्र आलं. कंसातल्या चारच्या जागी कंसातला तीन वाचावा, एवढाच त्याचा मजकूर.

मी तो काकाजींना मराठीत वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितला. मग म्हणाले, "याच्या दोन झेरॉक्स काढा जी. एक माह्या मोठ्या भावाले द्याची हाय." भाऊ त्यांच्याशी बोलत होता, पण १९८८ पासून लग्नकार्यात, पंगतीत, शेताच्या वाटणीत एकच वाक्य ऐकवत आला होता की तू सरकारी भाकर लाथाडून आला. मी झेरॉक्सच्या मागे शुद्धिपत्राचा मराठी अर्थ मोठ्या अक्षरांत लिहून दिला आणि खाली माझं नाव, हुद्दा आणि नंबर लिहिला, म्हणजे भावाला शंका आली तर त्यानं मला विचारावं.

पैशाचं अजून व्हायचं आहे. अपंगत्वाची पेन्शन मिळायला ते अपंगत्व नोकरीमुळे आलेलं किंवा वाढलेलं आणि वीस टक्क्यांहून कमी नसलेलं लागतं. सियाचीनच्या बर्फात गेलेल्या बोटांबद्दल नोकरीचा संबंध वेगळा सिद्ध करावा लागू नये. शिवाय धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलंच आहे की भरतीच्या वेळी दोषाची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असंच धरायचं. टक्केवारी ठरवण्यासाठी कामठीच्या मिलिटरी हॉस्पिटलात नव्यानं बोर्ड झालं, त्याचे कागद प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे जाताहेत. मात्र थकबाकीबद्दल मी काकाजींना आधीच स्पष्ट सांगितलं. तरसेम सिंग प्रकरणातल्या २००८ च्या निकालाप्रमाणे इतक्या उशिरा आलेल्या दाव्यात साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते. बाकीची वर्षं गेली. ज्या वर्षी कपाशी बुडाली आणि त्यांनी बैलजोडी विकली, ज्या वर्षी पोराची शाळा सुटली, त्यांचं काहीही परत येणार नाही. हे सांगताना मला जड गेलं. ते म्हणाले, "तेवढं आलं तरी चालते जी."

ओळखपत्राचा फॉर्म आम्ही भरला आहे. फोटोसाठी त्यांनी नवा पांढरा सदरा शिवून घेतला. फॉर्ममध्ये सेवेतून मुक्ततेचं कारण असा रकाना आहे, तो मी भरायला घेतला तर त्यांनी थांबवलं आणि सुनेच्या हाती पेन दिला. शुद्धिपत्र समोर ठेवून तिनं तो भरला.