हवा आत कुठून शिरते

आपल्या शाळेतून डॉक्टर झाले, तहसीलदार झाले, त्यांची मनोगतं या स्मरणिकेत असतीलच. मी १९८८ च्या तुकडीचा, आणि मिस्त्री झालो. मोटारसायकली, सवारी वाहणाऱ्या काळीपिवळ्या जीपा, विहिरीवरचे पंप, हंगामात जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातलं काम. एवढ्या वर्षांत शाळेतलं जे प्रकरण माझ्या पोटापाण्याला सगळ्यात जास्त लागलं ते म्हणजे हवेचा दाब.

विज्ञानाच्या सरांनी ते वर्गात शिकवलंच नाही. मागच्या कडुनिंबाखाली तीन दगडांची चूल मांडली, तेलाच्या रिकाम्या पिप्यात तांब्याभर पाणी उकळलं. वाफेनं आतली हवा हुसकली, मग पिपा खाली उतरवून झाकण घट्ट लावलं आणि वरून बादलीभर गार पाणी ओतलं. पिपा कडकड आवाज करत चेपला. आम्ही पोट्टे ओरडलो, "सर, आतून कोन ओढलं?" सर म्हणाले, "कोनी नाही ओढलं. वाफेचं पानी झालं, आत काही उरलं नाही, म्हणून बाहेरच्या हवेनं दाबलं." मग हिशेब करायला लावला. एका चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो, म्हणजे आत पूर्ण निर्वात असेल तर पिप्याच्या एका बाजूवर आठ क्विंटलच्या आसपास. क्विंटल म्हटल्यावर कास्तकाराच्या पोरांना समजलं.

दुसरा पिपा मात्र चेपलाच नाही. सरांनी कान लावला तर झाळलेल्या सांध्यातून बारीक सूं आवाज येत होता. तिथं ओला साबण घासला, पुन्हा पाणी उकळलं, आणि तोही चेपला. पहिला पिपा सगळ्यांच्या लक्षात आहे. मला विचाराल तर खरा धडा दुसऱ्या पिप्यात होता.

टॉरिचेलीनं १६४३ साली पाऱ्याची नळी उलटी केली, पारा ७६ सेंटिमीटरवर थांबला. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून थोडा जास्त जड, म्हणून हवेच्या दाबानं पाणी फार तर ३४ फूट चढतं. प्रत्यक्षात वीस-बावीस फुटांच्या पुढं भरवसा नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जातं तेव्हा काठावरचा पंप आत पाटावर उतरवावा लागतो, त्याचं कारण हेच. कितीही हॉर्सपॉवरची मोटर बसवा, वर ढकलणारी हवा तेवढीच आहे. तरी दर उन्हाळ्यात कोणीतरी येतोच, "मिस्त्री, मोठी मोटर टाकून देऊ काय जी?"

पंप हवा धरतो तेव्हा शोधणं कठीण, कारण चालू पंपाच्या सक्शन, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपातून थेंबही बाहेर पडत नाही. पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. मी पंप भरताना पाहतो. तेव्हा वरचं तोंड उघडं असतं, पाइपात पाणी उभं असतं, आणि हवा घेणारा जोड त्या वेळी बाहेर ठिपकतो. सगळे जोड कोरडे असून पाणी खाली उतरत असेल तर दोष फुटवॉलचा, म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाला पाणी अडवून धरणाऱ्या झडपेचा. त्यावर शेणकाला ओतून काम भागवणारे पुष्कळ आहेत. दोन दिवस भागतंही.

पेट्रोल इंजिनात हाच खेळ उलटा उपयोगी पडतो. थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद, पिस्टन खाली जातोय, त्यामुळं मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम (कमी दाब) तयार होतो. धडधाकट कारचं इंजिन स्लोवर असताना व्हॅक्यूम गेजवर पाऱ्याचे १८ ते २२ इंच दाखवतं. हा आकडा समुद्रसपाटीचा. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचा. यवतमाळ साडेचारशे मीटरच्या आसपास उंच, म्हणून तिथं दीड इंच कमी दिसलं की घाबरायचं नाही. काटा स्थिर पण बराच खाली असेल तर गॅस्केट किंवा नळी पाहा, ठिणगीचं टायमिंगही तपासा. काटा ठरावीक ठेक्यानं झटके देत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह गेलाय.

मोटारसायकलवाला म्हणतो, "गाडी आपोआप रेस होऊन राह्यली." नव्वद टक्के लोक कार्बोरेटरचा स्क्रू पिळत बसतात. कार्बोरेटर आणि हेडच्या मधलं रबर तडकलं की तिथून हवा शिरते. ती कार्बोरेटरातून आलेली नसते, म्हणून तिच्या वाट्याचं पेट्रोल नसतं. मिश्रण पातळ होतं, प्लग पांढरा पडतो. इंजिन स्लोवर ठेवून त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की जागा सापडली. क्लीनरचा स्प्रेही चालतो, पण गरम सायलेन्सरवर उडाला तर पेट घेईल. मी पाणीच वापरतो.

काळीपिवळीची गोष्ट वेगळी. जुन्या डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, म्हणून ब्रेक दाबायला जोर देणाऱ्या बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, बऱ्याच जीपमध्ये अल्टरनेटरच्या पाठीशी. पॅडल दगडासारखं झालं की आधी इंजिन बंद करून ते पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पॅडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. नाही गेलं तर नळी, नॉन-रिटर्न (एकाच दिशेनं हवा सोडणारा) व्हॉल्व्ह, पंप, या क्रमानं जा. पंधरा सवारी कोंबलेल्या जीपला हे उद्यावर टाकता येत नाही.

जिनिंगमध्ये कापूस ढिगावरून मशीनपर्यंत पंख्याच्या ओढीनं पाइपातून जातो. सांधा फाटला की ओढ मंदावते. तिथं उदबत्ती किंवा काडी पेटवायचा विचारही करायचा नाही. कापसाचाच हलका पुंजका सांध्यावरून फिरवायचा, जिथं चिकटेल तिथं पट्टी मारायची.

नववी-दहावीच्या पोरापोरींना रविवारी माझ्या गॅरेजवर पाठवा. व्हॅक्यूम गेज त्यांच्या हातात देईन आणि एखादी बिघडलेली गाडी समोर ठेवेन. येताना जुने कपडे घालून या, काळं ऑइल धुतल्यानं जात नाही.