मण्यार चावलेला पोरगा आणि न हलणारा अंगठा

मी भूलतज्ज्ञ आहे, उत्तर गोव्यातल्या एका हॉस्पिटलात. भूलवाली बाई म्हणजे एक इंजेक्शन टोचायचं आणि मग स्टुलावर बसून मोबाईल बघायचा असं बऱ्याच जणांना वाटतं, वाटू दे. पण आमच्या धंद्यातली खरी गंमत अशी की आम्ही रोज सकाळी धडधाकट माणसाची नस आणि स्नायू यांच्यातली बोलाचाली मुद्दाम बंद पाडतो, म्हणजे सर्जनला पोट मऊ मिळतं, आणि ऑपरेशन संपलं की ती परत चालू करून देतो. व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम अशी औषधं असतात त्यासाठी. त्यामुळे त्या पावसाळ्यात जी केस आली तिच्यात मला सारखं वाटत होतं की माझंच काम कुणीतरी न विचारता करून गेलंय, फक्त परत चालू करायचं औषध मागे न ठेवता.

पोरगा सत्तरी तालुक्यातला, वयाने पंचविशीच्या आतला, कंपनीत शिफ्टला जाणारा. घरामागे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. रात्री चटई टाकून जमिनीवर झोपला आणि पहाटे पोटात कळ येऊन उठला. घरच्यांना वाटलं काल मित्राकडे खाल्लेलं बाधलं. जवळच्या क्लिनिकमध्ये ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळालं, आणि त्यात त्या डॉक्टरांना फार दोष द्यावा असं मला वाटत नाही, कारण मण्यारीचा दंश असाच फसवा असतो, दुखत नाही, सूज नाही, दातांच्या खुणा शोधून सापडतील तर नशीब, आणि पोटदुखीवरून साप कुणाच्या डोक्यात येणार? घरी आल्यावर त्याने चहाही घेतला म्हणे. मग एकाचे दोन दिसायला लागले, पापण्या जड झाल्या, आणि मामाने आधी शिव्या घातल्या की रात्री कुठे पिऊन आलास. जीभ जड झाली तेव्हा मात्र आईने आरडाओरडा करून १०८ बोलावली.

कॅज्युअल्टीत मी पोचले तेव्हा तो कॉटवर बसला होता आणि एका बोटाने स्वतःची पापणी वर उचलून धरून माझ्याकडे बघत होता. हे दृश्य एकदा बघितलं की विसरत नाही कुणी. हात चालतायत, पाय चालतायत, शुद्ध चांगली, फक्त पापणी वर राहत नाही म्हणून ती हाताने धरायची. उशीवरून डोकं उचल म्हटलं तर जेमतेम उचललं आणि लगेच टाकलं. एका श्वासात एक-दोन-तीन मोजायला लावलं, धडधाकट माणूस तीस-चाळीसपर्यंत आरामात जातो, हा विसाच्या थोडा पुढे गेला, आणि थोड्या वेळाने परत मोजायला लावलं तर बारावरच दम संपला. आवाज नाकातून यायला लागला, थुंकी गिळता येईना. मॉनिटरवर ऑक्सिजन ९७ दाखवत होता आणि मामा त्या आकड्याकडे बोट दाखवून म्हणत होता की मॅडम सगळं नॉर्मल आहे ना. तो आकडा अशा पेशंटमध्ये अगदी शेवटी पडतो, तोवर थांबलात तर उशीर झालेला असतो.

श्वासनलिकेत नळी घालायचं ठरवलं. झोपेचं औषध दिलं, सवयीने स्नायू सैल करायच्या औषधाची सिरिंज पण भरून घेतली होती, ती तशीच ट्रेमध्ये राहिली. गरजच पडली नाही. जबडा आधीच सैल होता.

ॲन्टीव्हेनमच्या दहा व्हायल सुरू केल्या. आपल्याकडे मिळतं ते चार सापांवर एकत्र चालणारं असतं, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, घोड्यांच्या रक्तापासून बनवलेलं. सोबत निओस्टिग्मिन देऊन बघितलं, ॲट्रोपिनच्या जोडीने, नाहीतर हृदयाचे ठोके मंदावतात. नागाच्या विषावर या इंजेक्शनने कधी कधी बघता बघता पापणी उघडते. इथे काहीच नाही. ते का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

अंगठा हलवायचा असं मनात आलं की मेंदूतून निघालेला करंट मज्जारज्जूतून खाली येतो, मानेपाशी दुसऱ्या पेशीकडे सोपवला जातो, आणि त्या पेशीची तार थेट हाताच्या पंजापर्यंत जाते. हातातल्या नसेत वेग सेकंदाला पन्नास-साठ मीटर, म्हणजे मान ते अंगठा जायला सेकंदाचा पन्नासावा भागसुद्धा पुरतो. पण नस स्नायूला चिकटलेली नसते. मध्ये फट असते, मिलिमीटरचा साधारण वीस हजारावा भाग एवढीच, आणि करंट ती फट ओलांडू शकत नाही. तिथे नसेच्या टोकाला बारीक बारीक पिशव्या भरून ठेवलेल्या असतात, एकेका पिशवीत ॲसिटिलकोलीन या निरोप नेणाऱ्या रसायनाचे हजारो रेणू. करंट टोकाला आला की कॅल्शियम आत शिरतं, पिशव्या फुटतात, रेणू पलीकडे जाऊन स्नायूवरच्या रिसेप्टरना, म्हणजे ते रेणू पकडणाऱ्या जागांना, चिकटतात, मग स्नायूत नवा करंट उठतो, स्नायूच्या आतलं साठवलेलं कॅल्शियम सुटतं, ॲक्टिन आणि मायोसिनचे धागे एकमेकांवरून सरकतात आणि अंगठा आत वळतो. काम झाल्या झाल्या एक एन्झाइम ते रेणू तोडून टाकतं, नाहीतर अंगठा सैलच होणार नाही. मामाला मी हे सांगितलं ते रायबंदर-चोडणच्या फेरीवरून, की दोन्हीकडचे रस्ते मस्त आहेत, गाड्या धक्क्यापर्यंत येतायत, फक्त फेरीबोट बंद आहे. ते त्याला लगेच पटलं.

तर नागाचं विष पलीकडच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, जागा अडवतं. निओस्टिग्मिन त्या तोडणाऱ्या एन्झाइमला थांबवतं, ॲसिटिलकोलीन साठत जातं आणि उरलेल्या रिसेप्टरवर जोर लावतं. मण्यारीचं मुख्य विष मात्र अलीकडे, नसेच्या टोकातच घुसून पिशव्या संपवतं आणि टोकाची वाट लावतं. सोडायलाच काही नाही तर एन्झाइम थांबवून काय उपयोग? आणि ॲन्टीव्हेनम रक्तात फिरणारं विष पकडतं, आत शिरलेलं बाहेर ओढून काढत नाही. नसेची टोकं नव्याने तयार होईपर्यंत वाट बघायची, तोवर श्वास आपण द्यायचा, बस. तैवानच्या चांग आणि ली या दोघांनी १९६३ मध्ये तिकडच्या मण्यारीच्या विषातून असे दोन वेगळे घटक काढून दाखवले होते, एक अलीकडे काम करणारा आणि एक पलीकडे, आणि त्यातला पलीकडचा पुढे रिसेप्टर शोधून वेगळा काढायला वापरला गेला.

आता लोक विचारतात की रात्री चावली तर सकाळी चहा कसा प्यायला? कारण या जोडावर निसर्गाने भरपूर शिल्लक ठेवलीय. आमच्या औषधांवर जे प्रयोग झालेत त्यात असं दिसलं की तीन-चतुर्थांश रिसेप्टर अडले तरी स्नायूचा झटका कमी झालेला दिसत नाही. म्हणजे माणूस चालतोय बोलतोय आणि आतमध्ये शिल्लक संपत चाललेली असते. संपली की मग धडाधड, आधी पापण्या, मग घसा, मान, हातपाय, श्वास.

त्या रात्री तो पूर्ण गळाला. हात उचलून सोडला की धप्पकन खाली. गुडघ्यावर हातोडी मारली तरी काही नाही. बाहुल्या मोठ्या झालेल्या आणि टॉर्च मारला तरी हलेनात. आमचा रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, नवीन होता, त्याचा चेहरा उतरला. काचेबाहेरून मामाने खुणेनेच विचारलं, गेला काय? आणि मग बाहेर जाऊन तो कुणाला तरी फोनवर गाडीचं भाडं विचारत होता, मी कानाने ऐकलं. त्याच्यावर रागावले नाही, बघणाऱ्याला ते तसंच दिसतं. पण मण्यारीच्या पेशंटवर ब्रेनडेथचे निकष लावायचेच नसतात, कारण त्यातली प्रत्येक तपासणी कुठला ना कुठला स्नायू हलतो का यावर उभी आहे, आणि बाहुली आकसायला लागतं ते रसायन पण ॲसिटिलकोलीनच.

रेसिडेंटला म्हटलं, चल, तुला दीडशे वर्षांहून जुना प्रयोग दाखवते. ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, नर्व्ह स्टिम्युलेटर आणला. छोटा डबा असतो, दोन इलेक्ट्रोड मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला चिकटवायचे, तिथून अल्नर नस जाते, आणि दोन सेकंदात चार झटके द्यायचे. चांगल्या माणसाचा अंगठा चार वेळा टक टक आत येतो. याचा अंगठा ढिम्म. करंट वाढवला, ढिम्म. मग इलेक्ट्रोड उचलून अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागावर लावले, थेट स्नायूवरच, आणि करंट चांगलाच वर नेला. झोपेचं औषध चालू होतं म्हणून, नाहीतर हे जागेपणी कुणाला करू नये. अंगठा हलला. कमजोर, पण हलला, पोराच्या कपाळावर सुरकुतीसुद्धा नाही आणि अंगठा आपला हलतोय.

फ्रान्समध्ये क्लॉद बर्नार्डने १८५० च्या आसपास बेडकावर हेच केलं होतं, दक्षिण अमेरिकेतलं बाणाला लावायचं विष, क्युरारी, देऊन. नसेला करंट दिला तर पाय हलत नाही, स्नायूला दिला तर हलतो, म्हणजे स्नायू मेलेला नाही. ते क्युरारी पुढे १९४२ मध्ये मॉन्ट्रियलच्या ग्रिफिथ या भूलतज्ज्ञाने ऑपरेशनसाठी वापरलं आणि आमची स्नायू सैल करणारी बहुतेक औषधं त्याचीच भावंडं. आणि फट रसायनाने ओलांडली जाते हे ठरवायला तर बराच काळ भांडणं चालली, ऑटो लोवीने १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं, इंग्लंडच्या हेन्री डेलच्या मंडळींनी स्नायूवर, दोघांना १९३६ चं नोबेल मिळालं.

रेसिडेंट म्हणाला, मॅडम पण याने मेंदू ठीक आहे हे कुठे सिद्ध झालं? बरोबर बोलला पोरगा. नाहीच होत. त्यासाठी पहाटे झोपेचं औषध कमी केलं आणि आईला आत घेतलं. ती त्याच्या कानाशी काहीतरी कोकणीत पुटपुटायला लागली आणि मॉनिटरवरचे ठोके ८० वरून ११० च्या वर गेले, ती बाहेर गेली की हळूहळू खाली. हृदय आपल्या तालावर स्वतःच चालतं, त्याला हातापायासारखी नसेची ऑर्डर लागत नाही, पण मेंदू त्याचा वेग वाढवू शकतो, आणि ती वाट या विषाने पूर्ण बंद केलेली नव्हती. शिवाय सकाळी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढला, तो जाग्या माणसासारखाच. झोपेचं औषध परत वाढवलं, आणि सगळ्या स्टाफला दम दिला की याच्या कॉटजवळ फालतू काही बोलायचं नाही, जे करायचं ते आधी त्याला सांगून करायचं. हलता येत नाही आणि सगळं कळतंय ही अवस्था म्हणजे भूलतज्ज्ञाचं सगळ्यात मोठं भय, ऑपरेशन टेबलवर ते होऊ नये म्हणून आम्ही जीव काढतो.

मग वाट बघणं. यात सांगण्यासारखं काही नाही, कूस बदलणं, डोळ्यांत मलम कारण पापण्या पूर्ण मिटत नाहीत, छातीतला कफ काढणं. रोज स्टिम्युलेटर लावायचा. एका सकाळी चारातला पहिला झटका दिसला, अगदी बारीक, आणि नर्सने मला ओटीत फोन करून सांगितलं. मग पायाचा अंगठा सांगितल्यावर हलला. मग एक पापणी. व्हेंटिलेटर सुटायला त्यानंतर पण वेळ गेला.

नळी निघाल्यावर मला वाटलं संपलं, पण फिजिओथेरपिस्टचं काम तिथून सुरू झालं. पाण्याचा ग्लास उचलायला सांगितला तर कोपर झटकन वळला आणि पाणी अंगावर. ताकद थोडी आली होती, मोजमाप आलं नव्हतं. साधा ग्लास तोंडाशी न्यायचा तर पुढचा स्नायू आखडताना मागचा किती सैल सोडायचा, हे मज्जारज्जू त्या क्षणी ठरवत असतो, स्नायूच्या आत ताण मोजणाऱ्या तंतूंकडून सतत खबर घेऊन. आणि जोर वाढवतानाही आधी छोट्या तुकड्या कामाला लागतात, मग मोठ्या. नसेतली एक तार डोळ्याच्या स्नायूत जेमतेम दहा-बारा तंतू सांभाळते, पोटरीत हजाराच्या वर, म्हणून नजर केसाएवढी सरकवता येते, पोटरी नाही.

पोरगा आरतीला घुमट, म्हणजे मडक्याला चामडं ताणून केलेलं वाद्य, वाजवणारा निघाला. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आलेली, त्यामुळे त्याचा सगळा जीव त्यात. जेवणाच्या ट्रेवर बोटं आपटत बसायचा, उजव्या हाताने थाप आणि डाव्याने घुमटाच्या उघड्या तोंडावर हात मागेपुढे केल्यासारखं. सुरुवातीचे बोल बरोबर पडायचे, मग बोटं थकायची आणि ताल घसरायचा, थोडं थांबला की परत जमायचं. फिजिओ म्हणाली हाच व्यायाम, माझं रबरी बॉल दाबणं राहू दे. शेजारच्या कॉटवरचे आजोबा वैतागले होते ते वेगळं.

बोलायला लागल्यावर त्याने मामाला पहिलं काय विचारलं असेल तर, गाडीचं भाडं किती सांगितलं होतं. आयसीयूचं दार नीट लागत नाही, फोनवरचं सगळं आत येतं. मामा दोन दिवस भेटायलाच आला नाही.

डिस्चार्जच्या दिवशी आला मात्र, मला देव बरें करूं म्हणाला, आणि मग विचारलं की एवढं औषध गेलंय तर आता परत साप चावला तर चालेल ना? म्हटलं अजिबात नाही, ती घोड्याची प्रतिकारशक्ती होती, काही आठवड्यांत अंगातून जाते, याला आता खाट घ्या, मच्छरदाणी घ्या, ती गादीखाली नीट खोचा, आणि उठताना आधी टॉर्च. मामाने सगळं मोबाईलवर लिहून घेतलं, दारापर्यंत गेला, आणि परत येऊन म्हणाला, मॅडम, खाट एकच घेऊ की दोन, मी पण खालीच झोपतो.